परमुलखांतील नोकरभरती

गांवांतल्या गांवांत एखादा गडी किंवा कारकून कामावर ठेवावयाचा असला म्हणजे मालकाला फारशी यातायात पडत नाहीं. माणूस कोणाचा कोण हें त्याला ठाऊक असतें. नसलें तर कोणी परिचित शिफारस करतो. पगार किती, सुटी कोणत्या वारीं, उचल मिळेल कीं नाहीं, हें सारें दोघांच्याही भाषेंत समोरासमोर बोलून ठरतें; आणि न पटल्यास महिनाअखेर एक आपल्या वाटेनें जातो व दुसरा नव्या माणसाच्या शोधास लागतो. परंतु मालक एका देशांत, चाकर दुसऱ्या देशांत, भाषा निराळी, कायदा निराळा, अशी स्थिति असली म्हणजे हा साधा व्यवहार एकदम अवघड होऊन बसतो. मालकानें माणूस पाहिलेला नसतो व माणसानें काम पाहिलेलें नसतें. अशा वेळीं दोघांच्या मधें कोणी तरी तिसरा येऊन उभा राहतो. आज मला मुख्यतः या तिसऱ्याविषयीं बोलावयाचें आहे. तो कोणाचे पैसे घेतो, जाणाऱ्याला काय सांगतो आणि काय सांगावयाचें विसरतो, यावर परदेशांतील नोकरभरतीचें बरेंवाईट पुष्कळ अंशीं अवलंबून असतें.

आपल्याकडे या तिसऱ्याची कीर्ति फारशी चांगली नाहीं. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हिंदी मजूर करारानें जाऊं लागले. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेले मराठी लोकही होते, व त्यांचे वंशज आजही त्या बेटावर मराठी शिकतात. उत्तर हिंदुस्थानांत असे मजूर गोळा करणाऱ्यास अरकाटी म्हणत. माणूस कोठें जातो आहे याच्याशीं त्याला कर्तव्य नसे. डोक्यागणिक दाम मिळाले कीं त्याचें काम संपलें. करारनाम्याच्या इंग्रजी शब्दाचें 'गिरमिट' झालें, आणि तो करार मोडणाऱ्या मजुराला तुरुंगाची वाट दाखवितां येत असे. १९१७ सालीं ही भरती थांबविण्यांत आली. तो इतिहास आपल्यापैकीं अनेकांच्या वाचनांत आलेला असेल. म्हणून मी त्यावर अधिक वेळ घेत नाहीं.

मी निवडलेलें उदाहरण अगदीं निराळ्या जातीचें आहे. १९५५ ते १९७३ या अठरा वर्षांत पश्चिम जर्मनीनें परदेशांतून लाखों कामगार आणले. तेथें अरकाटी नव्हता. दलालाच्या जागीं खुद्द सरकारी कचेरी बसली होती, हिशेब चोख होता, करारनामा दोन भाषांत छापलेला होता. इतकें असूनही त्या भरतींत कांहीं महत्त्वाच्या गोष्टी राहून गेल्या. लबाडीमुळें जें बिघडतें तें ओळखणें सोपें असतें. प्रामाणिक व्यवस्थेंतून काय निसटतें हें पाहणें अधिक उपयोगाचें, असें मला वाटतें.

महायुद्धानंतर दहा वर्षांच्या आंत पश्चिम जर्मनीचे कारखाने अशा वेगानें उभे राहिले कीं काम करणारे हात कमी पडूं लागले. २० डिसेंबर १९५५ रोजीं रोम येथें इटलीशीं पहिला भरतीचा करार झाला. तरीही पुढें कांहीं वर्षें पूर्व जर्मनींतून निसटून येणाऱ्या लोकांवर बरेंच भागत असे. १३ ऑगस्ट १९६१ रोजीं बर्लिन शहरांत भिंत घालण्यास आरंभ झाला आणि तो झरा एकाएकीं आटला. स्पेन व ग्रीस यांच्याशीं १९६० मध्येंच करार झालेले होते. भिंत उभी राहिल्यानंतर अडीच महिन्यांनीं, ३० ऑक्टोबर १९६१ रोजीं, तुर्कस्तानशीं करार झाला. मोरोक्को, पोर्तुगाल, ट्युनिशिया आणि १९६८ सालीं युगोस्लाव्हिया अशी ती मालिका पुढें वाढत गेली. देणाऱ्या देशांनाही गरज होतीच. तुर्कस्तानच्या १९६३ सालीं सुरू झालेल्या पहिल्या पंचवार्षिक योजनेंत जादा मनुष्यबळ परदेशीं पाठविण्याचा विचार स्पष्टपणें मांडलेला होता. बेकारी हलकी व्हावी व परकीय चलन घरीं यावें, हा दुहेरी हेतु.

आतां भरतीची रीत पाहा. कोलोन शहरांतील एखाद्या कारखान्याला पन्नास माणसें हवीं आहेत असें समजा. कारखानदारानें एजंट धाडून तीं उचलून आणावीं अशी सोय नव्हती. जर्मनींत नोकऱ्या जुळवून देण्याचा मक्ता कायद्यानें सरकारी मजूर-खात्याकडे होता. कारखानदार आपल्या गांवच्या मजूर-कचेरीकडे मागणी नोंदवी. या कामासाठीं जर्मन माणूस मिळत नाहीं ना, येणाऱ्यांना राहण्याची जागा तयार आहे ना, याची खातरजमा ती कचेरी करी. तेथून मागणी न्यूरेंबर्ग येथील मुख्य कचेरीकडे, व तेथून इस्तंबूल येथें खास याच कामासाठीं उघडलेल्या जर्मन कचेरीकडे जाई. तुर्कस्तानच्या सरकारी रोजगार-कचेरींत इच्छुकांच्या याद्या असत, आणि त्या याद्यांत कालांतरानें लाखों नांवें सांचलीं. तुर्की कचेरी माणसें बोलावी, जर्मन कचेरी तीं पारखी. लिहितां-वाचतां येतें कीं नाहीं हें पाहण्यांत येई. कसबी कामगारास आपलें कसब दाखवावें लागे. मग वैद्यकीय तपासणी. आणि सर्वांत उतरलेल्याच्या हातीं करारनामा. त्यावर कारखान्याचें नांव, कामाचें स्वरूप, तासाचें वेतन, राहण्याची सोय व मुदत एक वर्ष, असा मजकूर असे.

या पद्धतींतल्या दोन गोष्टी मनापासून वाखाणण्यासारख्या आहेत. पहिली पैशाची. भरतीचा व प्रवासाचा खर्च भागविण्यासाठीं कारखानदार दर माणसामागें ठराविक रक्कम मजूर-खात्याला देई. कामगारानें नोकरी मिळविण्यासाठीं कोणाला दाम मोजावे अशी अपेक्षा त्या व्यवस्थेंत नव्हती. ज्यांना गरज त्यांनीं खर्च सोसावा, हें तत्त्व ऐकावयास साधें वाटतें. परंतु ज्यांनीं मुंबईच्या गल्ल्यांतून आखातांत जाणाऱ्या माणसांना दागिने गहाण टाकून दलालाची भर करतांना पाहिलें आहे, त्यांना त्याचें मोल कळेल. कर्ज काढून गेलेला माणूस पहिल्या दिवसापासून मिंधा असतो. पगार कमी दिला, काम निराळें दिलें, तरी त्याला मागें फिरतां येत नाहीं. कारण घरीं व्याज चढत असतें.

दुसरी गोष्ट वेतनाची. जर्मन कामगार-संघांनीं या भरतीला संमति दिली ती एका अटीवर. परदेशी माणसाला त्याच कामासाठीं जर्मन माणसाइतकेंच, संघाशीं ठरलेल्या दराप्रमाणें वेतन मिळालें पाहिजे. यांत निव्वळ परोपकार होता असें मानण्याचें कारण नाहीं. स्वस्त माणूस दारांत उभा राहिला तर आपला भाव पडेल, ही भीति त्या अटीच्या मुळाशीं होती. पण स्वार्थ आणि न्याय हे क्वचित् एकाच वाटेनें जातात, त्यांतला हा प्रसंग होता.

मागणी दोन प्रकारची असे. एक निनांवी: अमुक इतके पुरुष, अमुक इतक्या स्त्रिया. दुसरी नांवानिशीं. एकदां कारखान्यांत पोहोंचलेला कामगार आपल्या मुकादमाकडे जाऊन भावाचें, मेहुण्याचें, शेजाऱ्याचें नांव सांगे; मुकादम तें वर कळवी; आणि इस्तंबूलच्या याद्यांत वर्षानुवर्षें खोळंबणाऱ्यांना मागें टाकून तो मेहुणा गाडींत बसे. कारखानदारांनाही हें पसंत होतें, कारण ओळखीचा माणूस टिकतो व त्याला काम दाखविणारा आयता घरचाच मिळतो. म्हणजे पाहा, एवढी मोठी सरकारी यंत्रणा उभी केली, तरी शेवटीं गांवांतल्या गांवांत चालणारी शिफारस मागल्या दारानें आंत आलीच! माणसें माणसांच्या ओळखीनेंच जातात. विद्युत् उपकरणांच्या कारखान्यांना नाजूक बोटांच्या कामासाठीं स्त्रिया हव्या असत, आणि स्त्रियांना बोलावणें लवकर येई. त्यामुळें तुर्कस्तानांत कित्येक घरांतून प्रथम पत्नी गेली, आणि तिनें मागाहून नवऱ्याचें नांव देऊन त्याला बोलावून घेतलें. पुरुषानें देशांतर करावयाचें व स्त्रीनें वाट पाहावयाची, ही आपली समजूत त्या कारखान्यांनीं सहज उलटी करून टाकली.

आतां त्या वैद्यकीय तपासणीविषयीं. डॉक्टर जर्मन होते, उपकरणें उत्तम होतीं. रक्त, लघवी, छातीचें क्ष-किरण चित्र, दांत, डोळे, सर्व कांहीं पाहिलें जाई. परंतु तें पाहण्याची तऱ्हा अशी कीं, अंगावर केवळ अंतर्वस्त्र ठेवून माणसांना ओळीनें एका खोलींत उभें करीत, व एकापुढून दुसऱ्याकडे डॉक्टर सरकत जाई. ओळख पटावी म्हणून अंगावर शाईनें आंकडे लिहिल्याचीं छायाचित्रें उपलब्ध आहेत. जॉन बर्जर या इंग्रज लेखकानें व झां मोर या छायाचित्रकारानें १९७५ सालीं या कामगारांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत तीं पाहावयास मिळतात. पुढें म्हातारपणीं या लोकांनीं आपल्या आठवणी सांगितल्या, तेव्हां यंत्राचा घरघराट, थंडी, एकटेपणा, यांपेक्षां या खोलीचा उल्लेख अधिक आवर्जून येतो. त्यांत क्रौर्य नव्हतें, घाई होती. दिवसाला इतकीं माणसें तपासून गाडीला लावावयाचीं, मग प्रत्येकाला पडदा कोठून आणावा? पण खेड्यांतून आलेल्या, चारचौघांत बाही वर करण्यासही संकोचणाऱ्या बापमाणसाला ती घाई अपमानासारखीच वाटली. नव्या धन्याशीं त्याची पहिली भेट झाली ती अशी.

इस्तंबूलच्या सिर्केजी स्थानकावरून निघालेली गाडी बल्गेरिया, युगोस्लाव्हिया, ऑस्ट्रिया ओलांडून दोन रात्रींहून अधिक प्रवास करून म्युनिक येथें अकराव्या फलाटाला लागे. त्या फलाटाखालीं महायुद्धाच्या काळांतलें विमानहल्ल्यापासून बचावाचें तळघर होतें. उतरलेल्या लोकांना तेथें नेऊन खाणें देत, याद्यांशीं नांवें ताडून पाहत, आणि कारखान्यांगणिक वाटणी करून पुढच्या गाड्यांत बसवीत. गर्दी लोकांच्या नजरेस येऊं नये व फलाट मोकळा राहावा ही त्यांत सोय होती. बांधकाम, खाणी, ओतशाळा, मोटारींचे कारखाने अशा ठिकठिकाणीं ते पांगत. कारखान्याच्या आवारांत किंवा जवळ बराकी असत. एका खोलींत चार, सहा खाटा. करारांत 'राहण्याची योग्य सोय' असे शब्द होते. योग्य म्हणजे काय, तें ज्यानें त्यानें आपल्या सोयीनें ठरविलें.

याच काळांतली एक प्रसिद्ध हकीकत सांगतों. १० सप्टेंबर १९६४ रोजीं कोलोन-डॉइट्झ स्थानकावर पोर्तुगालहून कामगारांची गाडी आली. दहा लाखावा परदेशी कामगार म्हणून यादींतून एक नांव निवडलेलें होतें: आर्मांदो रोद्रिगेश द सा, वय अडतीस, धंदा सुतारकी. ध्वनिक्षेपकावर आपलें नांव ऐकतांच तो गृहस्थ घाबरला. कागदपत्रांत कांहीं चूक निघाली व आपल्याला परत धाडतात, असें त्याला वाटलें. पुढें ढकलल्यावर पाहतो तों बँड वाजतो आहे, वृत्तपत्रांचे छायाचित्रकार उभे आहेत, आणि हातांत फुलें देऊन त्याला एका लहानशा नव्या दुचाकी मोटार-सायकलवर बसवीत आहेत! तें छायाचित्र जर्मनींतील शाळांच्या पाठ्यपुस्तकांत गेलें. ती दुचाकी आज बॉन येथील इतिहास-संग्रहालयांत ठेवलेली आहे. पुढची हकीकत मात्र छायाचित्रांत नाहीं. रोद्रिगेश कांहीं वर्षांनीं आजारी होऊन मायदेशीं परतला. जर्मनींतल्या आजार-विम्याचा आपल्याला हक्क आहे हें त्याला ठाऊक नव्हतें. जवळ सांचलेला पैसा त्यानें औषधपाण्यांत घातला, आणि १९७९ सालीं कर्करोगानें त्याचा अंत झाला. दुचाकी देणाऱ्यांनीं ती आनंदानेंच दिली असेल. पण विम्याचा कागद त्याच्या भाषेंत कोणी त्याला वाचून दाखविला असता तर?

भाषेची ही उणीव सर्वत्र होती. करारनामा दोन भाषांत असे, आणि तेथेंच त्या दोन भाषांचा संबंध संपे. येणाऱ्याला जर्मन शिकविण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. कारखानदार म्हणे, वर्षभराच्या माणसाला कशाला शिकवूं? सरकार म्हणे, तो परतच जाणार आहे. कामगार स्वतःही म्हणे, दोन वर्षांत पैसा जमला कीं घरीं ट्रॅक्टर घेऊं, या भाषेचें मला काय करावयाचें आहे? तिघांचाही हिशेब आपापल्या परीनें बरोबर होता, आणि तिघांचाही चुकला. अशा कामगाराला जर्मनींत नांव पडलें तें 'पाहुणा कामगार'. पाहुण्याला घराची भाषा शिकविण्याचा प्रघात कोठेंच नाहीं. अर्थात् पाहुण्याला भट्टीपुढें उभें करण्याचाही प्रघात नाहीं, ही गोष्ट निराळी.

मुदतीच्या प्रश्नाकडे आतां येऊं. १९६१ च्या तुर्की करारांत दोन वर्षांची मर्यादा घातलेली होती. दोन वर्षें झालीं कीं त्यानें जावें व त्याच्या जागीं नवा यावा. म्हणजे कोणी रुजणार नाहीं, कोणाचीं बायकामुलें येणार नाहींत. कागदावर ही योजना फार नीटस दिसते. ती मोडली कोणीं? कामगारांनीं नव्हे, प्रथम कारखानदारांनीं. नव्या माणसाला यंत्रावर बसवावयाचें, त्याच्या हातून सुरुवातीला होणारी नासधूस सोसावयाची, आणि तो तरबेज झाला कीं दोन वर्षांनीं त्याला गाडींत बसवून द्यावयाचें, हा आतबट्ट्याचा व्यवहार त्यांना कसा परवडावा? मालकांच्या संघटनेनें सरकारकडे धरणें धरलें, आणि १९६४ मध्यें सुधारलेल्या करारांतून ती दोन वर्षांची अट गळून पडली. रोद्रिगेशला दुचाकी मिळाली त्याच महिन्यांत ही गोष्ट घडली. येथें ज्याला आपण तात्पुरती भरती म्हणतों ती तात्पुरती राहण्याची शक्यता संपली. परंतु हें मोठ्यानें कोणी म्हटलें नाहीं, आणि म्हटलें नाहीं म्हणून शाळा, घरें, भाषेचे वर्ग यांची तयारीही झाली नाहीं.

१९६६-६७ सालीं मंदी आली तेव्हां कित्येक लाख परदेशी कामगार परत गेले. हा पुरावा पाहून सर्वांना वाटलें, पाहा, गरज सरली कीं लोक आपोआप जातात. मंदी ओसरतांच भरती पूर्वीपेक्षां जोरांत सुरू झाली, आणि १९७३ पर्यंत परदेशी कामगारांची संख्या सुमारें २६ लाखांवर गेली.

१९७३ च्या ऑगस्ट महिन्यांत दोन संप झाले. कोलोनच्या फोर्ड मोटार-कारखान्यांतील तुर्की कामगार उन्हाळी रजेवर स्वतःच्या गाड्या हांकीत गांवीं जात. जाण्यायेण्यांतच रजेचा बराच भाग खर्ची पडे व परतण्यास उशीर होई. त्या वर्षीं उशिरा आलेल्या सुमारें तीनशें लोकांना काढून टाकण्यांत आलें, आणि त्यांचें काम उरलेल्यांच्या माथीं आलें. काम थांबलें, कांहीं दिवसांनीं संप मोडण्यांत आला. त्यांच्या मागण्यांत अधिक रजेचीही मागणी होती. अनातोलियाच्या खेड्यापर्यंतचा रस्ता किती लांबीचा आहे, ही गोष्ट भरतीच्या कोणत्याच तक्त्यांत नव्हती! दुसरा संप नॉइस गांवच्या पिअरबुर्ग कारखान्यांत झाला. तेथें मोटारींचे भाग बनविणाऱ्या परदेशी स्त्रियांना 'हलकें काम' या नांवाखालीं सर्वांत खालचा वेतनवर्ग दिलेला होता. समान कामाला समान वेतन हें वचन मोडलें नव्हतें, कामाचेंच नांव बदललें होतें. येथें मात्र जर्मन कामगारही त्या स्त्रियांच्या बाजूनें उभे राहिले आणि तो वेतनवर्ग रद्द झाला. भाषा न शिकविलेल्या माणसाला आपलें म्हणणें सांगण्याचा एकच मार्ग उरतो, यंत्र बंद करणें. आणि तो दोन्ही ठिकाणीं वापरला गेला.

त्याच वर्षीं दर माणसामागची भरतीची रक्कम ३०० मार्कांवरून १,००० मार्कांवर नेण्यांत आली, आणि तेलाचा पेंच उभा राहतांच २३ नोव्हेंबर १९७३ रोजीं भरती सरसकट बंद झाली. बंद करणाऱ्यांची अपेक्षा अशी कीं, आतां संख्या घटत जाईल. झालें उलटें. दार उघडें होतें तोंवर माणूस निर्धास्तपणें गांवीं जाई, जमलें नाहीं तर पुन्हां येई. दार मिटल्यावर जो बाहेर गेला तो कायमचा बाहेर. तेव्हां जे आंत होते त्यांनीं जाण्याचा विचार सोडून बायकामुलांना बोलावून घेतलें. एकंदर काळांत सुमारें १ कोटि ४० लाख माणसें आलीं व त्यांतलीं सुमारें १ कोटि १० लाख परतलीं, हें खरें. पण राहिलेल्या तीस लाखांनीं देशाचें रूप बदललें. १९८३ सालीं सरकारनें कायदा करून परत जाणाऱ्या बेकार कामगाराला १०,५०० मार्क व दर मुलामागें १,५०० मार्क देऊं केले. आणतांना तीनशें, धाडतांना साडेदहा हजार!

हें सारें सांगण्याचें कारण असें कीं, ज्या दारावर एके काळीं इस्तंबूलचा मनुष्य उभा होता त्या दारावर आतां आपल्या घरांतलीं मुलें उभीं आहेत. केरळांतील तरुणी कॅथॉलिक संस्थांच्या मार्फत परिचारिका म्हणून १९६० नंतरच्या दशकांतच जर्मनीस गेल्या होत्या. पण आतां गोष्ट दोन सरकारांमधली झाली आहे. डिसेंबर १९२२ नव्हे, डिसेंबर २०२२ मध्यें भारत व जर्मनी यांच्यांत स्थलांतरासंबंधीं करार झाला. आणि फेब्रुवारी २०२४ मध्यें महाराष्ट्र सरकारनें जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याशीं कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. प्रथम दहा हजार लोक पाठवावयाचे, असा त्याचा आरंभीचा आंकडा. परिचारिका, वीजतंत्री, नळजोडणी करणारे, वाहनचालक अशी त्याची यादी आहे. त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट हिचें मुंबईशीं भगिनी-शहराचें नातें १९६८ पासूनचें आहे.

दोन काळांतला मोठा फरक असा कीं, आतां भाषा आधीं व गाडी मागून. परिचारिकेला साधारणतः बी-२ या पायरीपर्यंत जर्मन यावें लागतें, आणि जर्मन भाषेचें शिक्षण महाराष्ट्राच्या योजनेचाच एक भाग म्हणून सांगितलें गेलें. पुणेंकरांना जर्मन भाषेची ओळख नवी नाहीं; रानडे इन्स्टिट्यूट व मॅक्सम्युलर भवन येथें कित्येक पिढ्या ती शिकत आल्या आहेत. परंतु हौसेनें गटेचें काव्य वाचणें निराळें, आणि रात्रपाळीला आजारी म्हाताऱ्याचें अर्धवट बोलणें समजून घेणें निराळें. त्या पायरीपर्यंत पोहोंचावयास वर्षाच्या आसपास काळ लागतो. त्या वर्षाची मिळकत बुडते, ती कोणाची? इस्तंबूलच्या काळीं भाषेचा खर्च कोणीच केला नाहीं. आज तो होतो, पण योजनेबाहेरून जाणाऱ्याच्या बाबतींत तो बहुधा आईबापांच्या गांठींतून होतो. भरतीचा जुना प्रश्न, पैसा कोणीं मोजावयाचा, तो असा वेष पालटून परत आलेला आहे.

कायद्याची बाजू थोडक्यांत सांगतों. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या ठरावानें खासगी मध्यस्थांनीं कामगाराकडून फी घेऊं नये हें तत्त्व घालून दिलें आहे. भारतांत १९८३ च्या देशांतर-कायद्यानें परवानाधारक मध्यस्थांना फी घेण्याची मुभा दिली, मात्र नियमांनीं तिला ३०,००० रुपये व वर कर अशी मर्यादा घातली. प्रत्यक्षांत मोजली जाणारी रक्कम पुष्कळदां या मर्यादेच्या पलीकडे जाते, हें दलालाच्या दारावरून गेलेल्या कोणालाही सांगावें लागणार नाहीं. जर्मनीनें २०२२ पासून परिचारिकांच्या भरतीसाठीं सरकारी प्रशस्तिचिन्ह सुरू केलें असून, भरतीचा खर्च मालकानें सोसावा ही त्याची मुख्य अट आहे. तें चिन्ह घेणें सक्तीचें नाहीं. म्हणून मध्यस्थाजवळ तें आहे कीं नाहीं हें विचारावेंच लागतें.

ज्या घरांतून मुलगी किंवा मुलगा जाणार आहे त्यांनीं आणखी दोन गोष्टींची चौकशी करावी. एक, पदवीची मान्यता. आपली परिचर्येची पदवी तेथें पूर्णपणें मान्य होईपर्यंत परीक्षा किंवा पूरक शिक्षण पुरें करावें लागतें, आणि तोंवर मदतनिसाच्या दर्जावर व त्याच दर्जाच्या पगारावर काम करावें लागतें. घरीं सांगितला जातो तो आंकडा मान्यतेनंतरच्या पगाराचा असतो. पहिल्या वर्षाच्या पगाराचा आंकडा वेगळा विचारून घ्यावा. कर, विमा व घरभाडें वजा जातां हातांत काय उरतें, हेंही त्याच बैठकींत.

दुसरी गोष्ट बांधिलकीची. १९६१ सालीं कामगाराला बांधून ठेवी तो परवाना. आज कांहीं करारांतून तें काम परतफेडीचें कलम करतें. मालकानें किंवा मध्यस्थानें भाषेवर, तिकिटावर व कागदपत्रांवर केलेला खर्च, दोन किंवा तीन वर्षें पुरीं होण्याच्या आधीं नोकरी सोडल्यास, कामगारानें परत करावयाचा. म्हणजे आरंभीं 'तुम्हांला एक पैसाही पडणार नाहीं' असें जें सांगितलें जातें, तें शेवटपर्यंत राहिलें तरच खरें. वरिष्ठाशीं पटलें नाहीं, गांव मानवलें नाहीं, घरीं कोणी आजारी पडलें, तर तो खर्च एकाएकीं कर्ज बनून समोर येतो. असें कलम असावें कीं नसावें यावर दोन्ही बाजूंनीं बोलतां येईल. मालकाचाही पैसा गुंतलेला असतो हें मी नाकारीत नाहीं. पण तें कलम करारनाम्याच्या कितव्या पानावर आहे, रक्कम नक्की किती, दर महिन्याला ती कितीनें घटते, मालकाकडून कामावरून काढलें गेल्यास ती लागूं होते कीं नाहीं, एवढें मराठींत लिहून मागावें, आणि तें हातांत पडल्यावर मग सही करावी.